फ्रिंजमधला पहिला एकपात्री : अर्जापासून बॅग भरेपर्यंत

जुलैमध्ये टोरांटोचा फ्रिंज महोत्सव सुरू झाला की मराठी मंडळातल्या कुणाचा तरी फोन येतोच. "गणपतीत मी दरवर्षी दहा मिनिटं बोलतो, लोक पोट धरून हसतात. त्याचा तासाभराचा प्रयोग करून फ्रिंजला लावता येईल का गं?" नक्की लावता येईल. मी तीन उन्हाळे असा विनोदी एकपात्री केला आहे आणि प्रत्येक फोनवर जे सांगते, ते आता एकदाच नीट लिहून ठेवते आहे. उदाहरणं टोरांटोच्या आसपासची आहेत, पण विनिपेग, एडमंटन, व्हँकूव्हर, माँट्रियल इथे कुठेही राहत असाल तरी मुळातली पद्धत हीच.

आधी फ्रिंज म्हणजे काय ते थोडक्यात. १९४७ साली स्कॉटलंडमध्ये एडिनबराचा पहिला मोठा कलामहोत्सव भरला, तेव्हा आठ नाटकमंडळ्या बोलावणं नसतानाही तिथे जाऊन थडकल्या आणि मिळेल त्या जागेत प्रयोग करू लागल्या. महोत्सवाच्या काठावर चाललेलं म्हणून पुढच्याच वर्षी त्याला 'फ्रिंज' हा शब्द चिकटला. उत्तर अमेरिकेत ही पद्धत प्रथम आली ती एडमंटनला, १९८२ साली. टोरांटोत १९८९ पासून आहे. कॅनडातल्या फ्रिंज महोत्सवांची एक संघटना आहे आणि तिची मुख्य तत्त्वं अशी आहेत : प्रयोगांची निवड परीक्षक करत नाहीत, लॉटरी काढून किंवा आधी येईल त्याला आधी या न्यायाने जागा मिळते, तिकिटाची मूळ रक्कम पूर्णपणे कलाकाराला जाते, तुम्ही रंगमंचावर काय बोलावं यात महोत्सव ढवळाढवळ करत नाही, आणि कलाकार असो वा प्रेक्षक, दार सर्वांना उघडं असतं.

नवख्या माणसासाठी यातलं पहिलं तत्त्व फार मोठं आहे. तुमची संहिता कुणीही वाचत नाही, तुम्ही कुठे शिकलात हे कुणी विचारत नाही. पण त्याची दुसरी बाजूही लक्षात घ्या. प्रयोग कच्चा आहे हेही कुणी सांगायला येणार नाही. ते काम तुमचं तुम्हालाच करावं लागतं, आणि या लेखातला बराचसा भाग त्याबद्दलच आहे.

१. अर्ज आणि लॉटरी

उन्हाळ्यातल्या महोत्सवाचे अर्ज साधारण आदल्या हिवाळ्याच्या तोंडाला मागवतात. अर्जात नाव, संपर्क, प्रयोगाचा प्रकार आणि कालावधी एवढंच असतं. संहिता तयार नसली तरी अर्ज भरा. नाव निघालं नाही तर प्रतीक्षा यादीत क्रमांक लागतो, आणि यादी सरकते. वसंत ऋतूत अचानक फोन येऊ शकतो, तेव्हा मधल्या काळात हात बांधून बसू नका, लिहीत राहा.

महोत्सवाने दिलेलं नाट्यगृह आणि 'आपली जागा आपण आणा' असे दोन मार्ग असतात. दुसऱ्या मार्गात एखादं कॅफे, चर्चचा हॉल, दुकानामागची खोली असं काही तुम्ही शोधता. दिवे, आवाज, खुर्च्या, तिकिटाच्या वेळी दाराशी माणूस, सगळं तुमच्याच गळ्यात. पहिल्या वर्षी या वाटेला जाऊ नका. महोत्सवाच्या नाट्यगृहात दिवे टांगलेले असतात, तंत्रज्ञ असतो, तिकीटविक्री होते. तेवढं सोपं झालं की डोकं प्रयोगात राहतं.

अर्जातला कालावधीचा रकाना मात्र विचार करून भरा. मोठ्यात मोठी वेळ मागायचा मोह होतो. विनोदी एकपात्रीला पन्नास-पंचावन्न मिनिटं भरपूर झाली. एकदा सांगितलेली वेळ ओलांडता येत नाही, कारण तुमच्यामागे दुसऱ्याचा प्रयोग त्याच रंगमंचावर लागलेला असतो. आपल्याकडे प्रयोग रंगला की अर्धा तास पुढे गेला तरी लोक कौतुकच करतात. इथे तसं चालत नाही.

२. संहिता : हशासाठी जागा ठेवा

मला या सगळ्या खटाटोपातून एकच गोष्ट सांगायची असेल तर ती ही : संहिता लिहिताना हशाला वेळ द्या, आणि ती वेळ मिनिटांत मोजा.

घरी भिंतीसमोर म्हटलं तर माझा पहिला प्रयोग ५३ मिनिटांचा होत होता. मिळालेली वेळ ६० मिनिटांची. सात मिनिटं हाताशी आहेत म्हणून मी निर्धास्त होते. ओळखीच्या पंधरा माणसांसमोर केला तर तोच प्रयोग ६१ मिनिटांवर गेला. भिंत हसत नाही, माणसं हसतात. मग पुढे वेळ भरून काढायला मी भराभर बोलू लागले आणि नेमक्या शेवटच्या चांगल्या जागा चेंगरल्या. आता मी ६० मिनिटांसाठी ४८ मिनिटांचंच लिहिते. चांगला दिवस असला तर हसण्याची आठ मिनिटं त्यात मावतात, वाईट दिवस असला तर लोक लवकर घरी जातात, त्याबद्दल कुणी तक्रार केलेली नाही.

दहा मिनिटांचे पाच तुकडे जोडले म्हणजे प्रयोग होत नाही. गणपतीतल्या दहा मिनिटांत लोक तुम्हाला ओळखतात, त्या ओळखीवर विनोद उभा असतो. इथल्या अनोळखी माणसाने खिशातले पैसे टाकून तासभर बसायचं असेल तर त्याला 'पुढे काय होणार' हा एक धागा हवा. धागा लहान असू द्या, पण एकच असू द्या. माझा दुसऱ्या वर्षीचा प्रयोग माझ्या आत्याच्या नावावर होता. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं. इथल्या एका दवाखान्यात फॉर्मवरच्या रकान्यांची अदलाबदल झाली आणि परिचारिकेने प्रतीक्षागृहात हाक मारली, "दत्तात्रय?" आत्या उठली नाही, कारण ते तिच्या नवऱ्याचं नाव. परिचारिका पुन्हा हाका मारते, आत्या मला सांगते, "बघ गं, कुणीतरी यांना शोधतंय." बस, एवढ्यावरून सुरू झालेली गोष्ट पुढे बँक, विमानतळ आणि शेवटी वाढदिवसाच्या केकपर्यंत गेली. एकच अडचण, दरवेळी थोडी मोठी. बांधणीचं एवढं गणित मला पुरलं.

अजून एक, आणि हे मनापासून सांगते. बऱ्याच जणांना पहिला प्रयोग पु. ल. देशपांड्यांच्या लेखनावर करायचा असतो. तळमळ कळते. पण पु.ल. २००० साली गेले. लेखकाच्या मृत्यूनंतर भारतात ६० वर्षं आणि कॅनडात ७० वर्षं हक्क शाबूत असतात. परवानगीशिवाय त्यांचं लेखन तिकीट लावून करता येणार नाही, इंग्रजीत भाषांतर करूनही नाही. शिवाय फ्रिंजच्या प्रेक्षकाला तुमचं स्वतःचं काहीतरी हवं असतं. तुमच्या घरातली आत्या लिहा.

३. मराठी किती, इंग्रजी किती

माझा प्रयोग इंग्रजीत असतो आणि त्यात मराठी मुक्त हस्ताने येतं. पहिल्या खर्ड्यात मी प्रत्येक मराठी शब्दामागे त्याचा अर्थ सांगत होते. ते वाचताना शाळेतला धडा वाटत होता. मग एका मैत्रिणीने सुचवलं तसं केलं : अर्थ समोरच्या पात्राकडून कळू दे. आत्या म्हणते, "अहो, ते यजमानांचं नाव." परिचारिका मान डोलावते, लेखणी उचलते आणि एकेक अक्षर म्हणत फॉर्मवर लिहिते, "य-ज-मा-न." मराठी येणारे आधी हसतात, न येणारे क्षणभराने, कारण तिच्या चेहऱ्यावरचं समाधान बघून गडबड त्यांच्याही ध्यानात येते. दोन लाटा येतात. त्या क्षणभराच्या अंतरासाठीही जागा ठेवावी लागते.

'अगं बाई' आणि 'इश्श' यांना कुठल्याच भाषेत अर्थ सांगावा लागत नाही, आवाजातच सगळं आहे. उलट 'कांदेपोहे', 'श्रीखंड', 'गजरा' असे शब्द नुसते वातावरणासाठी पेरले तर मराठी माणूस ओळखीने हसतो आणि बाकीचे कोरडे राहतात. तसे शब्द मी काढून टाकले.

४. तालीम : नजरेच्या खुंट्या

'वऱ्हाड निघालंय लंडनला' या एकपात्रीत प्रा. लक्ष्मण देशपांडे एकटे ५२ पात्रं उभी करत. आपल्याला पहिल्या वर्षी तीन पुरेत. पण ती तीन लखलखीत वेगळी हवीत, आणि त्यासाठी आवाज बदलण्यापेक्षा नजर जास्त उपयोगी पडते.

दवाखान्याच्या प्रवेशात माझी तीन पात्रं आहेत. आत्या खुर्चीत बसलेली आणि ठेंगणी, म्हणून ती बोलताना वर बघते, उजव्या कोपऱ्यात. परिचारिका काचेमागे उभी, ती चष्म्यावरून खाली बघते, डाव्या बाजूला. मी मधे, समोर. तालमीच्या खोलीत भिंतीवर दोन चिकटपट्ट्या लावल्या : एक माझ्या कपाळाच्या वर, एक छातीच्या उंचीवर. आत्याचं वाक्य वरच्या पट्टीला, परिचारिकेचं खालच्या. आठवडाभर फक्त नजर आणि खांदा एवढंच घोटलं, शब्द न बोलता. मग शब्द घातले तेव्हा पात्रं आपोआप उभी राहिली. नाट्यगृहात भिंत नसते, पण मागच्या रांगेतला दाराचा दिवा, एखादा खांब अशा खुंट्या सापडतात. तांत्रिक तालमीला गेल्यावर त्या आधी शोधून ठेवा.

एका पात्राकडून दुसऱ्याकडे जाताना पावलं टाकू नका. नवखी माणसं इकडून तिकडे उड्या मारत संवाद करतात, त्यात दम लागतो आणि प्रेक्षकाची मान दुखते. खांदा वळला, हनुवटी बदलली, झालं.

हशा कसा घ्यायचा हेही तालमीत शिकता येतं. हशा चढतो, टेकतो आणि उतरू लागतो. तो पूर्ण विरण्याची वाट बघितली तर पुन्हा शून्यातून सुरुवात करावी लागते. चढत असताना बोललात तर लोक पुढचं ऐकायला स्वतःला आवरतात, आणि दोन-तीनदा असं झालं की हसणंच सोडून देतात. उतरणीला लागला की पुढचं वाक्य टाका. हशा चालू असताना मात्र पात्रातच राहा. आत्या त्या वेळात पदर नीट करते, पर्समध्ये काहीतरी शोधते. हे छोटं काम आधीच ठरवून ठेवा, म्हणजे हात मोकळे लोंबकळत नाहीत.

५. चाचणी प्रयोग

मंडळाच्या कार्यक्रमात एक चाचणी जरूर करा, पण तिच्यावर विसंबू नका. आपली माणसं प्रेमाने आणि ओळखीने हसतात. 'दादर' म्हटलं तरी हशा येतो. खरी परीक्षा ज्यांना मराठीचा गंधही नाही अशा दहा माणसांसमोर होते : कामावरचे सहकारी, शेजारी, मुलांच्या मित्रांचे आईवडील. घराच्या तळघरात खुर्च्या मांडा, चहा ठेवा, आणि तासभर मागा.

फोनवर आवाज ध्वनिमुद्रित करा. रात्री तो ऐकत संहितेवर पेन्सिलीने खुणा करायच्या. जोरात हसले तिथे दोन रेघा, हसले तिथे एक, शांत राहिले तिथे शून्य, खोकले तिथे फुली. खोकला फार प्रामाणिक असतो. जिथे दोन चाचण्यांत फुली आली तो भाग मी वाद न घालता कापते, मला कितीही आवडत असला तरी. माझ्या लाडक्या दीड पानाला असंच जावं लागलं, आणि पुढचा प्रवेश त्यामुळे मोकळा झाला.

६. तंत्र : एका पेटीत मावेल एवढंच

एका नाट्यगृहात दिवसाला पाच-सहा प्रयोग लागतात. दिवे सर्वांना मिळून एकदाच लावलेले असतात. तुम्ही त्यातून निवडता, हलवत नाही. प्रयोगाआधी रंगमंच लावायला साधारण पंधरा मिनिटं आणि नंतर आवरायला तेवढीच. तेव्हा नेपथ्य म्हणजे एक खुर्ची आणि हातात उचलता येईल एवढी एक बॅग. खुर्ची नाट्यगृहाची वापरायची असेल तर ती तालमीतच बसून बघा. माझी आत्या ज्या खुर्चीतून उठायची ती तिथे फिरती निघाली असती तर सगळाच प्रवेश बदलला असता.

तांत्रिक तालीम एकदाच मिळते आणि तिचे तास मोजलेले असतात. त्यात अख्खा प्रयोग करायला जाऊ नका. सुरुवात, शेवट आणि जिथे दिवा किंवा आवाज बदलतो तेवढ्याच जागा करा, क्यू ते क्यू (क्यू म्हणजे तंत्रज्ञाने दिवा किंवा आवाज बदलावा याची ठरलेली खूण). दहा-बारा क्यूंपेक्षा जास्त असतील तर कमी करा. ध्वनीच्या फाइलींची नावं क्रमाने, ०१, ०२ अशी ठेवा आणि दोन पेनड्राइव्हवर न्या.

आणि आता अशी गोष्ट, जी मला कुणी सांगितली नव्हती. तंत्रज्ञाला मराठी येत नाही! फोनची घंटा वाजण्याचा क्यू मी आत्याच्या 'हॅलो' नंतर दिला होता. आत्या त्या प्रवेशात दोनदा 'हॅलो' म्हणते, मधे चार मराठी वाक्यं. दुसऱ्या प्रयोगाला घंटा पहिल्याच 'हॅलो'ला वाजली. त्या मुलाची काहीच चूक नव्हती, कागदावर तेच लिहिलं होतं. मी हातातली पर्स कानाला लावून "थांब गं, दुसरा फोन येतोय" म्हणून निभावलं. पण त्या रात्री सगळे क्यू बदलले. आता प्रत्येक क्यू दिसणाऱ्या कृतीवर असतो : 'खुर्चीवरून उठते', 'चष्मा काढते', 'दाराकडे पाठ करते'. शब्दावर द्यायचाच असेल तर इंग्रजी शब्दावर, आणि जो अख्ख्या प्रयोगात एकदाच येतो अशाच.

संगीताबद्दल एक सूचना. ओळखीचं चित्रपटगीत वाजवलं की लगेच टाळी येते हे खरं, पण त्याचे हक्क मिळवणं हे स्वतंत्र काम आहे, आणि परवान्याची जबाबदारी बहुतेक वेळा कलाकारावरच येते. मी एका ओळखीच्या तबलजींकडून घरीच सव्वा मिनिटाचा दादरा वाजवून घेतला, लेखी परवानगी घेतली, मानधन दिलं. तीन वर्षं तोच वापरते आहे.

७. पैसे आणि पोस्टर

पैशांचा हिशेब आधी कागदावर करा. समजा ६० खुर्च्यांचं नाट्यगृह, सात प्रयोग, तिकिटाची मूळ रक्कम १३ डॉलर. नवख्या माणसाने तिसरा हिस्सा भरेल असं धरावं : २० गुणिले ७ म्हणजे १४० तिकिटं, १,८२० डॉलर. यातून सहभागशुल्क, छपाई, मदतनिसाचं मानधन, बसभाडं वजा करा. समीक्षक आणि इतर कलाकारांना मोफत पास जातात तेही धरा. पहिल्या वर्षी बरोबरीत सुटलात तर उत्तम झालं असं समजा. हिशेबात बसत नाही ते कपडे, ते व्हिडिओ, ते भारी पडदे नकोतच.

कार्यक्रमपुस्तिकेसाठी नाव, फोटो आणि चार ओळींचं वर्णन फार लवकर मागतात, बहुधा संहिता पूर्ण व्हायच्या आधी. नाव असं असावं की कॅनेडियन माणसाला तिकीट खिडकीवर ते उच्चारता यावं. उच्चार चुकेल या संकोचाने माणूस दुसऱ्याच प्रयोगाचं तिकीट मागतो, हे मी समोर उभं राहून पाहिलं आहे. वर्णनात 'धमाल', 'हास्याचा धबधबा' असलं काही न लिहिता प्रसंग लिहा : एक बाई, चुकीचं नाव, आणि ते दुरुस्त करणारं एकही खातं नाही.

८. रांगेत उभं राहणं

फ्रिंजची जाहिरात पायांनी होते. दुसऱ्या प्रयोगाच्या दाराबाहेर रांग लागलेली असते, तिथे जाऊन हातात छोटं पत्रक द्यायचं आणि दहा सेकंदांत सांगायचं. मला पहिल्या दिवशी हे अतिशय अवघड गेलं. आपल्या वळणात स्वतःच्या कामाची दवंडी पिटणं बसत नाही. पण इथे ती रीत आहे आणि रांगेतले लोक त्याची वाटच बघत असतात, त्यांना रात्री काय बघायचं ते ठरवायचं असतं.

काही पथ्यं पाळा. ज्यांच्या प्रयोगाची रांग आहे त्या कलाकाराला आधी विचारा. बोलण्यात गुंतलेल्या दोघांच्या मधे शिरू नका. 'विनोदी आहे' हे सांगू नका, प्रसंग सांगा. मी म्हणायचे, "माझी आत्या कॅनडात आली आणि सरकारने तिला तिचा नवरा बनवलं." जो हसेल त्याला पत्रक द्यायचं, वेळ दाखवायची, पुढे जायचं. न हसणाऱ्याला आभार मानून सोडायचं. आणि इतरांचे प्रयोग बघा. दोन-तीन एकपात्री कलाकारांशी मैत्री झाली की ते त्यांच्या प्रयोगाच्या शेवटी तुमचं नाव घेतात, तुम्ही त्यांचं. त्या एका वाक्याने शंभर पत्रकांपेक्षा जास्त माणसं येतात, हा माझा तिन्ही वर्षांचा अनुभव.

मराठी मित्रमंडळींना दोन गोष्टी निक्षून सांगा. एक, पहिल्या दोन प्रयोगांना या. "शेवटच्या रविवारी सगळे मिळून येतो" असं म्हणणारे प्रेमाने म्हणतात, पण परीक्षणं आणि तोंडी प्रसिद्धी सुरुवातीच्या प्रयोगांवर ठरते. भरलेल्या खोलीत अनोळखी माणूसही मोकळेपणी हसतो. दोन, वेळेवर या. इथे तिसरी घंटा नसते. ठरलेल्या मिनिटाला दार बंद होतं आणि उशिरा आलेल्याला आत सोडत नाहीत, तिकीट हातात असलं तरी. माझे काका-काकू ब्रॅम्प्टनहून दीड तास प्रवास करून आले आणि चार मिनिटांच्या उशिराने बाहेर राहिले. प्रयोग संपवून बाहेर आले तर दोघं पायरीवर बसून होते, काकूच्या हातात डबा. तेव्हापासून निमंत्रणात मी वेळ अर्धा तास आधीची लिहिते.

९. प्रयोगाच्या दिवशी

प्रयोगांच्या वेळा फिरत्या असतात, एक दिवस भर दुपारी, एक दिवस रात्री अकराला. जेवणाचं आणि झोपेचं वेळापत्रक त्याप्रमाणे आधीच आखा. दुपारच्या प्रयोगाला लोक जेवून येतात आणि हळू हसतात. तुमचं काही बिघडलेलं नाही. रात्रीच्या प्रयोगाला ते दिवसभरात चार प्रयोग बघून येतात, त्यांना थोडा वेग लागतो.

त्या पंधरा मिनिटांत मी ठरल्या क्रमाने चारच गोष्टी करते : खुर्ची खुणेवर, पर्समधल्या वस्तू मोजून जागच्या जागी, पहिला आवाज वाजवून बघणं, आणि पाण्याचा पेला विंगेत. मग पाच मिनिटं कुणाशीही बोलत नाही.

कधीतरी समोर नऊच माणसं असतील. माझ्या पहिल्या वर्षीच्या मंगळवारी नऊ होती, तीही खोलीभर विखुरलेली. अशा वेळी दिवे जाण्याआधी दारावरच्या स्वयंसेवकाला विनंती करून त्यांना पुढे एकत्र बसवा. हसू शेजाऱ्याकडून लागतं, मधे चार रिकाम्या खुर्च्या असल्या की ते पोचत नाही. नऊ माणसांचा हशा लहान असतो आणि लवकर उतरतो, तेव्हा विराम आखूड करा; साठ माणसांसाठी बसवलेला विराम तिथे अवघडल्यासारखा वाटतो. आवाजही थोडा खाली आणा, त्यांच्याशी बोला. "आज कमी लोक आहेत" हे मात्र चुकूनही म्हणू नका. जे आले आहेत त्यांचा त्यात अपमान होतो. त्या नऊमधल्या एक आजी पुढच्या शनिवारी सहा मैत्रिणींना घेऊन आल्या होत्या.

वाक्य विसरलं तर? विसरतंच. म्हणून तालमीत प्रत्येक प्रवेश रंगमंचावरच्या एका जागेला बांधा. खुर्ची म्हणजे दवाखाना, डावीकडचा पुढचा कोपरा म्हणजे बँक, मागची भिंत म्हणजे विमानतळ. शब्द गेले की त्या जागेवर शांतपणे जाऊन उभं राहायचं, नजर खुंटीवर टाकायची. पाय पोचले की तोंडात वाक्य येतं. प्रेक्षकाला तो विराम वाटतो.

प्रयोगाच्या शेवटी नमस्कार झाल्यावर अर्धं मिनिट बोलायचं असतं. तंत्रज्ञाचं नाव घेऊन आभार, पुढच्या प्रयोगाचा वार आणि वेळ, एका दुसऱ्या कलाकाराच्या प्रयोगाची शिफारस. आवडलं असेल तर एका माणसाला सांगा, एवढं मागायला लाजू नका. लांब भाषण नको, बाहेर पुढची रांग लागलेली असते.

१०. आवरणं

दिवे लागले की आधी रंगमंच रिकामा करा, शुभेच्छा नंतर घ्या. भेटायला आलेल्यांना बाहेर अंगणात थांबायला सांगा. खुर्ची जागेवर, खुणेच्या चिकटपट्ट्या तुमच्या असतील त्या काढायच्या नाहीत, त्या उद्या लागतील. शेवटच्या प्रयोगानंतर मात्र खरवडून काढायच्या. पर्समधल्या वस्तू पुन्हा मोजून बॅगेत.

त्याच रात्री, झोपायच्या आधी, पेन्सिल घेऊन संहितेवर त्या दिवसाच्या खुणा करा, तारीख घालून. माझ्या प्रतीत दवाखान्याच्या पानावर सात तारखांच्या सात ओळी आहेत. 'यजमान'वर सहा दिवस दोन रेघा आहेत आणि एका दुपारी शून्य. त्या दुपारी मी नजर खालच्या खुंटीवर टाकायची विसरले होते.